जुन्या गाडीला फ्युएल इंजेक्शन बसवताना अर्थिंग कसे करावे: नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

मिशिगनमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची जणू जत्राच भरते. तिला वुडवर्ड ड्रीम क्रूझ म्हणतात. तिथल्या गर्दीत माझी १९६७ ची फोर्ड मस्टँग गोगलगायीच्या गतीने सरकत असताना बोनेटखालून टकटक असा आवाज येऊ लागला. रेडिएटरच्या पंख्याचा रिले (विजेने चालणारा स्विच) सारखा चालू-बंद होत होता आणि शेजारी बसलेल्या मुलाच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर पाण्याचे तापमान ९० अंशांवरून ८४ वर आणि पुन्हा ९० वर उड्या मारत होते. इंजिनातले सुमारे चौदा लिटर पाणी एका सेकंदात सहा अंशांनी थंड होणे शक्य नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवे होते. आले नाही. मी आधी सेन्सर बदलला, मग रिले बदलला आणि मग पुन्हा एकदा सेन्सर बदलला. दोष त्या सेन्सरच्या काळ्या वायरीत होता, जी मी दीड मीटर वायर वाचवण्याच्या नादात जवळच्या पत्र्याला कसून टाकली होती.

माझ्या गाडीत २८९ घनइंचाचे व्ही-८ इंजिन आहे. कार्बोरेटर काढून मी त्यावर चार इंजेक्टरची थ्रॉटल बॉडी (हवा आत घेणारा, पेट्रोल फवारणारा भाग), टाकीत बसणारा पेट्रोल पंप, विजेवर चालणारा पंखा आणि मेगास्क्वर्ट या बनावटीचा ईसीयू, म्हणजे इंजेक्शन चालवणारा छोटा संगणक, बसवला. वायरिंग पूर्णपणे घरी केले. पुढील पायऱ्या त्या अनुभवातून आलेल्या आहेत. तुमची गाडी दुसरी असली किंवा किट तयार वायरिंगसह आले असले, तरी तत्त्व तेच राहते. फक्त बोल्टांच्या जागा बदलतात.

१. अर्थ म्हणजे काय, हे आधी पक्के करा

आपण बोलताना "वायर अर्थला जोडली" असे म्हणतो आणि त्यामुळे अर्थ ही गाडीतील एखादी जागा आहे, पत्र्याला कुठेही वायर कसली की ती तिथे पोहोचली, असा समज होतो. प्रत्यक्षात बॅटरीच्या धन टोकाकडून निघालेला प्रत्येक अँपिअर तिच्या ऋण टोकाकडे परत यावा लागतो, आणि ज्या वाटेने तो परत येतो, त्या वाटेला आपण अर्थ म्हणतो. त्या वाटेत पत्रा असतो, रंगाखालचे बोल्ट असतात, पन्नास-साठ वर्षांचा गंज असतो, आणि या प्रत्येकाला थोडा थोडा रोध असतो. रोधातून प्रवाह गेला की तिथे व्होल्टेज पडते. म्हणून चालू गाडीत पत्र्यावरचे दोन बिंदू एकाच व्होल्टेजवर असतीलच असे नाही.

कार्बोरेटरच्या काळात याने फारसे बिघडत नसे. अर्थमध्ये अर्धा व्होल्ट हरवला, तर दिवे थोडे पिवळे दिसत आणि सेल्फ जरा आळशीपणे फिरे. इंजेक्शनच्या सेन्सरचा सगळा व्यवहार मात्र ० ते ५ व्होल्टच्या आत चालतो, आणि त्यात एक दशांश व्होल्टचा फरकही इंजिनाला चुकीचे पेट्रोल पाजण्यास पुरेसा असतो.

याच टप्प्यावर गाडीची ध्रुवता, म्हणजे बॅटरीचे कोणते टोक पत्र्याला जोडलेले आहे, ते तपासा. फोर्डच्या अमेरिकी गाड्या १९५५ पर्यंत ६ व्होल्ट आणि धन अर्थच्या होत्या. १९५६ पासून त्या १२ व्होल्ट आणि ऋण अर्थच्या झाल्या. ब्रिटिश गाड्यांत धन अर्थ बराच काळ टिकला. एमजीबीसारखी गाडीसुद्धा १९६७ पर्यंत धन अर्थवर चालत होती. आजचे ईसीयू ऋण अर्थसाठीच बनवलेले असतात आणि उलटी जोडणी झाली, तर ते क्षणात निकामी होऊ शकतात. पुण्या-मुंबईकडे ज्यांच्याकडे जुनी ब्रिटिश गाडी आहे, त्यांनी आधी ती ऋण अर्थवर आणावी आणि डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवावा. लुकासचा सी-४० डायनॅमो साधारण २२ अँपिअर देतो, तेही इंजिन पुरेशा वेगाने फिरत असताना; पंप, इंजेक्टर, पंखा आणि हेडलाइट यांचा एकत्रित भार त्याला झेपणारा नाही.

२. साहित्य, हत्यारे आणि कागदपत्रे

- आपल्या गाडीच्या नेमक्या वर्षाचा वायरिंगचा नकाशा आणि किटसोबत आलेला नकाशा. दोन्हींची छापील प्रत काढून त्यावर प्रत्येक काळी वायर कुठे जाते, ते पेनाने लिहावे.
- मिलिव्होल्ट दाखवणारा डिजिटल मल्टिमीटर आणि मगरचिमटे लावलेली चार-पाच मीटरची एक साधी वायर.
- ३५ ते ५० चौरस मिलिमीटरची तांब्याची बॅटरी केबल. शिवाय १६, १०, ४ आणि १ चौरस मिलिमीटरच्या वायरी.
- तांब्याच्या जाळीच्या दोन पट्ट्या, कल्हई केलेली थिंबले (वायरीच्या टोकाला बसवायची भोकाची धातूची टोके), स्टार वॉशर आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी.
- जाड थिंबलांसाठी हायड्रॉलिक क्रिम्पिंग (दाबून बसवण्याचे) यंत्र. एकाच दिवसाचे काम असेल, तर भाड्याने आणावे.
- पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, व्हॅसलीन किंवा बॅटरीच्या टोकांना लावायचे ग्रीस.

३. काही उघडण्यापूर्वी मोजा

गाडी कार्बोरेटरवर चालत असतानाच तिच्या अर्थची स्थिती मोजून ठेवावी, म्हणजे नंतर तुलना करता येते. ओहममीटरवर विसंबू नका. हा पहिला मोठा सापळा आहे. बॅटरी केबलच्या आतील बहुतेक तारा सडून दोन-चारच शिल्लक असल्या, तरी साधा मीटर तिचा रोध जवळजवळ शून्यच दाखवेल, कारण त्याच्या स्वतःच्या दोन वायरींचा रोधच त्याहून जास्त असतो. केबल कशी आहे, हे प्रवाह वाहत असतानाच कळते.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब बॅटरीच्या ऋण टोकावरच टेकवा, त्यावरील क्लॅम्पवर नव्हे. क्लॅम्प आणि टोक यांच्यातील सांधाही आपल्याला मोजायचा आहे. लाल प्रोब इंजिनाच्या ब्लॉकवर, रंग खरवडलेल्या जागी टेकवा. इंजिन चालू होऊ नये म्हणून कॉइलची धन वायर काढून ठेवा आणि मदतनिसाला चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. मीटरने ०.२ व्होल्टपेक्षा कमी दाखवले, तर केबल चांगली आहे. ०.५ च्या वर गेले, तर पुढे जाण्यापूर्वी तीच बदलली पाहिजे. माझ्या गाडीत ०.७ व्होल्ट आले होते, आणि तरीही ती गाडी कार्बोरेटरवर वर्षानुवर्षे कुरकुर न करता सुरू होत होती.

४. सांधा कसा करावा

कामाला सुरुवात करताना बॅटरीची ऋण केबल सर्वांत आधी काढा आणि सर्वांत शेवटी जोडा.

थिंबल जिथे बसणार, ती जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा. बोल्टच्या आट्यांमधून अर्थ मिळेल, अशा भरवशावर राहू नका; थिंबलाचा सपाट भाग उघड्या धातूला संपूर्ण टेकला पाहिजे. स्टार वॉशर लावून बोल्ट कसा, आणि कसून झाल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा, म्हणजे ओल आत शिरणार नाही. ही क्रिया उलटी करणारे बरेच जण आहेत: ग्रीस आधी थापायचे आणि मग बोल्ट कसायचा. ही ग्रीसे वीजवाहक नसतात. सांधा नीट आवळला, तर ते बाजूला सरकते हे खरे, पण ढिल्या सांध्यात तेच अडथळा होऊन बसते.

वायर थिंबलात क्रिम्प करावी. नुसता कथिलाचा डाग देऊ नये. कथिल वायरीत वर चढते, तेवढा भाग कडक होतो आणि इंजिनाच्या थरथरीने वायर नेमकी त्या कडक भागाच्या टोकाशी तुटते. ब्लॉक किंवा हेड अ‍ॅल्युमिनियमचे असेल, तर उघड्या तांब्याऐवजी कल्हईचेच थिंबल वापरा, कारण मिठाच्या पाण्यात तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम यांचे एकमेकांशी जमत नाही. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. कोकणकिनाऱ्यावरील वाचकांना खारा वारा म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

गाडी नुकतीच पुन्हा रंगवून घेतलेली असेल, तर दुप्पट सावध राहा. मॅनिफोल्डचे पावडर कोटिंग, अल्टरनेटरच्या ब्रॅकेटवरील चकचकीत काळा रंग आणि अ‍ॅनोडाइझ केलेले सुटे भाग दिसतात सुंदर, पण त्यांच्यातून वीज जात नाही.

५. मुख्य केबल

बॅटरीच्या ऋण टोकाकडून निघणारी जाड केबल थेट इंजिनाच्या ब्लॉकवर गेली पाहिजे, शक्यतो सेल्फच्या जवळच्या बोल्टवर. गाडीतील सर्वांत मोठा प्रवाह सेल्फ ओढतो आणि तो पत्र्यातून फिरवून आणण्याचे काहीच कारण नाही. ३५ चौरस मिलिमीटरच्या एक मीटर तांब्याचा रोध साधारण अर्धा मिलिओहम असतो. १८० अँपिअरला त्यात एक दशांश व्होल्टसुद्धा पडत नाही. दोन स्क्रूंनी दाबून बसवायची दुरुस्तीची टोके दुकानात स्वस्त मिळतात, ती वापरू नका. बॅटरी डिकीत हलवली असेल, तर केबलची लांबी चार-पाच पट होते आणि त्या प्रमाणात जाडीही वाढवावी लागते.

या केबलबद्दल एक इशारा आहे. ती ढिली झाली किंवा तुटली, तर सेल्फचा प्रवाह थांबत नाही; इंजिन आणि बॅटरी यांना जोडणारी जी कोणती दुसरी धातूची वाट सापडेल, तिच्यातून तो जातो. ती वाट अ‍ॅक्सिलरेटरची किंवा चोकची केबल असू शकते, आणि अशा केबली लालभडक झाल्याच्या गोष्टी जुने मेकॅनिक सांगतात, त्या खोट्या नाहीत. इंजेक्शन बसवल्यावर ती वाट ईसीयूच्या बारीक काळ्या वायरी असू शकतात. म्हणून मुख्य केबल पूर्ण झाल्याशिवाय ईसीयूचा प्लग जोडू नका.

६. इंजिन, पत्रा आणि चेसिस यांना एकत्र बांधा

इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते गाडीपासून वेगळे असते. मस्टँगमध्ये कारखान्यातून इंजिनाच्या मागच्या बाजूपासून फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) एक जाळीची पट्टी येते. इंजिन बाहेर काढून पुन्हा बसवताना हीच पट्टी सर्वांत जास्त वेळा विसरली जाते, किंवा रंगाच्या थरावर कसली जाते. जुनी पट्टी हिरवी पडलेली असेल, तर नवी बसवा आणि इंजिनाच्या पुढच्या बाजूला दुसरी द्या. शिवाय बॅटरीच्या ऋण टोकाकडून जवळच्या आतल्या पत्र्यावर १० चौरस मिलिमीटरची एक वायर द्या, म्हणजे दिवे आणि पंखा यांच्या प्रवाहाला इंजिनाचा वळसा घ्यावा लागणार नाही.

जीप किंवा पिकअप यांसारख्या वाहनांत चेसिस वेगळी आणि बॉडी वेगळी असते, आणि त्यांच्यामध्येही रबर असते. तिथे इंजिन, चेसिस आणि बॉडी या तिघांनाही एकमेकांशी बांधावे लागते.

अल्टरनेटर आपला प्रवाह स्वतःच्या धातूच्या कवचातून परत घेतो. त्याचे ब्रॅकेट रंगवलेले असेल, तर कवचापासून ब्लॉकपर्यंत १६ चौरस मिलिमीटरची वायर द्यावी. माझ्या मस्टँगप्रमाणे व्होल्टेज रेग्युलेटर बाहेर पत्र्यावर बसवलेला असेल, तर त्याच्या पायाखालचा रंगही खरवडा. रेग्युलेटरचा अर्थ कच्चा असला, तर त्याला व्होल्टेज खरे आहे त्यापेक्षा कमी दिसते, तो अल्टरनेटरला आणखी जोर लावायला सांगतो, आणि बॅटरीबरोबर ईसीयूलाही जादा व्होल्टेज सोसावे लागते.

७. ईसीयूचा मुख्य अर्थ: बॅटरीवर की इंजिनावर?

नवख्यांचा सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, कारण दोन निर्माते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. थ्रॉटल बॉडीमध्येच ईसीयू असलेल्या बऱ्याच तयार किटांमध्ये लाल आणि काळी अशा दोन्ही मुख्य वायरी थेट बॅटरीच्या टोकांवर न्यायला सांगतात. मेगास्क्वर्टच्या परंपरेत सगळे अर्थ इंजिनाच्या ब्लॉकवर, एकाच जागी आणायला सांगतात. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिल्यात बॅटरी हा सर्वांत शांत बिंदू मानला आहे. दुसऱ्यात हे गृहीत आहे की इंजेक्टर, इग्निशन आणि सेन्सर हे सारे इंजिनावरच आहेत, तेव्हा त्यांचा हिशेबही तिथेच मिटावा.

माझे मत असे आहे की किटसोबतच्या पुस्तिकेत जे सांगितले आहे, तेच करावे आणि अर्धे इकडे, अर्धे तिकडे असे कधीही करू नये. ईसीयूच्या चार काळ्या वायरींपैकी दोन ब्लॉकवर आणि दोन बॅटरीवर नेल्या, तर सेल्फ मारताना त्या दोन बिंदूंमध्ये जेवढे व्होल्ट पडतात, तेवढ्या जोराने प्रवाह ईसीयूच्या आतून वाहू पाहतो. माझ्या जुन्या ०.७ व्होल्टच्या केबलवर असे केले असते, तर ईसीयूच्या पाटीवरचे तांब्याचे पट्टे तापले असते.

ईसीयूला अर्थच्या अनेक पिना दिलेल्या असतात. त्या सगळ्या वापरा. "एक जोडली की पुरे" असे समजून बाकीच्या मोकळ्या सोडू नका, कारण इंजेक्टरचा प्रवाह त्यांच्यात वाटला जावा, अशीच ती रचना आहे. सगळ्या वायरींची लांबी सारखी ठेवून त्या एकाच बोल्टवर आणा, आणि त्या बोल्टवर पंखा, हॉर्न किंवा दिवे यांची दुसरी कोणतीही वायर येऊ देऊ नका. डॅशबोर्डखालच्या एखाद्या सोयीच्या स्क्रूला ईसीयूचा अर्थ देणे, ही माझ्या पाहण्यातील सर्वांत सामान्य चूक आहे. तो स्क्रू कशाला धरून आहे आणि त्या पट्टीचा फायरवॉलशी संबंध आहे की नाही, हे कोणी पाहतच नाही.

८. सेन्सरचा अर्थ

सगळ्या लेखातील एकच भाग दोनदा वाचायचा असेल, तर हा वाचा.

सेन्सरची काळी वायर, म्हणजे सिग्नल ग्राउंड, पत्र्याला, ब्लॉकला किंवा बॅटरीला कुठेही जोडायची नसते. ती ईसीयूच्या त्यासाठीच राखलेल्या पिनेवर परत जाते, आणि ईसीयू तिला आतून आपल्या मुख्य अर्थशी जोडतो. पाण्याचे तापमान, हवेचे तापमान आणि थ्रॉटलची स्थिती सांगणारे सेन्सर ही एक परतीची वायर आपसात वाटून घेऊ शकतात, पण त्यांच्यात पंप किंवा इंजेक्टरचा वाटा असता कामा नये.

आता माझी चूक आकड्यांत पाहू. मेगास्क्वर्ट पाण्याच्या सेन्सरला ५ व्होल्ट २,४९० ओहमच्या रोधातून देतो. जनरल मोटर्सच्या पद्धतीच्या सेन्सरचा रोध ८० अंश सेल्सिअसला सुमारे ३३० ओहम आणि ९० अंशांना सुमारे २४० ओहम असतो. म्हणजे ईसीयूला ८० अंशांना ०.५९ व्होल्ट दिसतात आणि ९० अंशांना ०.४४. दहा अंशांचा सगळा फरक फक्त ०.१५ व्होल्टचा आहे.

मी सेन्सरची काळी वायर आतल्या पत्र्यावर, पंख्याच्याच अर्थच्या बोल्टवर कसली होती. पंखा २० अँपिअर ओढत होता, आणि तो प्रवाह पत्रा, फायरवॉलची जुनी पट्टी आणि ब्लॉक असा फिरून बॅटरीकडे जात होता. त्या वाटेचा रोध जेमतेम ५ मिलिओहम होता. तरीही २० अँपिअरला तिथे ०.१ व्होल्ट पडतात. पंखा सुरू झाला की पत्रा ईसीयूपेक्षा तेवढ्या व्होल्टने वर उचलला जाई, सेन्सरचा सिग्नलही जवळजवळ तेवढाच वर जाई, आणि ईसीयूला पाणी सहा अंशांनी थंड झाल्यासारखे वाटे. मी पंखा ९० अंशांना चालू आणि ८६ ला बंद व्हावा, असे ठेवले होते. पंखा चालू होताच ईसीयूला ८४ दिसत, तो पंखा बंद करी. बंद होताच पुन्हा ९० दिसत. वुडवर्डवरील टकटक ती हीच.

थ्रॉटलच्या सेन्सरमध्ये अशीच गडबड झाली, तर पाय पेडलवर नसतानाही ईसीयूला तो थोडा दाबलेला वाटतो आणि तो आयडलचे (पेडल सोडल्यावर इंजिन हळू फिरते त्याचे) नियंत्रण हातात घेतच नाही. धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरचे प्रकरण त्याहून फसवे आहे. अनेक कंट्रोलर ० ते ५ व्होल्टमध्ये १० ते २० हे हवा-पेट्रोल प्रमाण दाखवतात, म्हणजे ०.१ व्होल्टच्या चुकीने प्रमाण ०.२ ने चुकते. ईसीयू स्वतः शिकणारा असेल, तर तो हा चुकीचा आकडा खरा मानून पेट्रोलचा तक्ता त्याप्रमाणे दुरुस्त करत बसतो, आणि महिनाभराने तुम्हाला वाटते की ट्यूनिंग बिघडले. वाइडबँडच्या हीटरचा अर्थ जाड अर्थसोबत द्या आणि सिग्नलचा अर्थ ईसीयूच्या सेन्सर पिनेवर आणा. कंट्रोलरच्या पुस्तिकेत या दोन वायरी वेगवेगळ्या दाखवलेल्या असतात.

डॅशबोर्डच्या काट्यासाठी असलेला जुना एका वायरीचा सेन्सर आपल्या जागी राहू द्यावा. तो आट्यांमधून अर्थ घेतो, म्हणून त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. ईसीयूसाठी दोन वायरींचा स्वतंत्र सेन्सर बसवा.

९. पेट्रोल पंप

पंप साधारण १० अँपिअर ओढतो आणि तो गाडीच्या दुसऱ्या टोकाला असतो. ४ चौरस मिलिमीटरच्या चार मीटर वायरीत त्या प्रवाहाला सुमारे ०.१७ व्होल्ट पडतात, म्हणजे अर्थची वायर पुढे बॅटरीपर्यंत आणली, तरी चालण्यासारखे आहे. डिकीतील चांगल्या वेल्ड केलेल्या जाड पत्र्यावर घासून दिलेला अर्थही चालतो, पण पायरी ६ मधील वायर झालेली असली तरच.

मस्टँगची टाकी डिकीच्या तळाचाच भाग असते आणि ती सीलंट लावून स्क्रूंनी बसवतात. नवे सीलंट आणि नवा रंग यांमुळे टाकी पत्र्यापासून विजेच्या दृष्टीने तुटू शकते, आणि पेट्रोलचा काटा मरतो तो त्यामुळेच. टाकीच्या कडेपासून पत्र्यापर्यंत एक छोटी वायर द्या. हे सारे बॅटरी सुटी असताना, दारे उघडी ठेवून आणि टाकीचे तोंड बंद करून करावे.

१०. इग्निशनचा गोंगाट

ठिणगीचा प्रवाह हेडमधून कॉइलकडे परत येतो, म्हणून कॉइल आणि इग्निशन मोड्यूल यांचा अर्थ इंजिनावरच, पण ईसीयूच्या बोल्टपासून वेगळ्या बोल्टवर द्या. प्लगच्या वायरी रोध असलेल्या, सर्पिल गाभ्याच्या घ्या. नुसत्या तांब्याच्या गाभ्याच्या घेऊ नका. क्रँक सेन्सरच्या किंवा डिस्ट्रिब्युटरच्या सिग्नलसाठी जाळीचे आवरण असलेली वायर वापरा आणि ते आवरण फक्त ईसीयूच्या टोकाला जोडा. दोन्ही टोकांना जोडले, तर आवरणातूनच अर्थचा प्रवाह वाहू लागतो आणि ज्याला अडवायचे, तोच गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो.

११. शेवटची मोजणी

पहिल्यांदा लॅपटॉप जोडताना तो स्वतःच्या बॅटरीवर चालवा, भिंतीच्या चार्जरवर नव्हे. अर्थ कुठे राहून गेला असेल, तर यूएसबीची वायरच परतीची वाट होऊ शकते.

इंजिन गरम करून १,५०० आरपीएमवर ठेवा आणि पंखा, हेडलाइट, वायपर असे सगळे चालू करा. काळा प्रोब बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवून लाल प्रोब लांब वायरीने एकेका ठिकाणी टेकवा: ईसीयूचा अर्थ बोल्ट, ब्लॉक, अल्टरनेटरचे कवच, फायरवॉल आणि पंपाचा अर्थ. ईसीयूच्या बोल्टवर ५० मिलिव्होल्टच्या आत यायला हवे. अल्टरनेटरच्या कवचावर ०.२ व्होल्टपर्यंत चालते. काही आकड्यांपुढे उणे चिन्ह दिसेल, त्याने घाबरू नका. इंजिन चालू असताना वीज अल्टरनेटर पुरवतो आणि बॅटरी ती घेत असते, म्हणून ब्लॉक आणि बॅटरी यांच्यामध्ये प्रवाहाची दिशा उलटी असते. पाहायचा तो आकड्याचा आकार.

मग प्लगच्या मागच्या बाजूने बारीक पिन घालून सेन्सर ग्राउंड आणि ईसीयूचा अर्थ बोल्ट यांच्यातील फरक मोजा. तो काही मिलिव्होल्टच असला पाहिजे. त्यानंतर लॅपटॉपवर पाण्याचे तापमान उघडे ठेवून मदतनिसाला पंखा आणि हेडलाइट हाताने चालू-बंद करायला सांगा. आकडा एका अंशापेक्षा जास्त हलला, तर एखादी काळी वायर अजून चुकीच्या जागी आहे. सेल्फ मारताना ईसीयूचा संपर्क तुटून तो पुन्हा सुरू होत असेल, तर आधी पायरी ५ कडे परत जा. मात्र इग्निशनची जी वायर ईसीयूला जागे ठेवते, तिला सेल्फच्या वेळी पूर्ण वीज मिळते का, हेही पाहा. त्या काळातील फोर्डमध्ये कॉइलकडे जाणारी गुलाबी वायर मुद्दाम रोध असलेली असते. ईसीयूची वीज तिच्यावरून घेतली, तर अर्थ कितीही चांगला केला, तरी उपयोग होत नाही.

मिळालेले सगळे आकडे तारखेसह लिहून बोनेटच्या आतील बाजूस चिकटवा. माझ्या कागदावर सेल्फ मारतानाचा आकडा ०.७ वरून ०.१४ व्होल्टवर आलेला आहे. दर एप्रिलमध्ये, रस्त्यावरचे मीठ पावसाने धुऊन गेल्यावर, मी हीच मोजणी पुन्हा करतो. यंदा फायरवॉलच्या पट्टीवर १२ ऐवजी ४० मिलिव्होल्ट दिसले. बोल्ट काढला, पांढरी भुकटी घासून काढली, नवा स्टार वॉशर घातला, आणि आकडा पुन्हा १२ वर आला.